सहा हजार ठिपक्यांचं गिधाड

"बाई, मी गिधाडं विकली असं म्हनून राह्यले लोक."

खुर्चीवर बसायच्या आधीच त्या माणसानं हे सांगून टाकलं. वय चाळिशीच्या आसपास, गळ्यात दुर्बीण, अंगावर खाकी शर्ट. कुरखेड्याहून निघून, मधे सिंदेवाहीला गाडी बदलून तो चंद्रपूरला आला होता, आणि त्याच्या डोळ्यांवरून तरी रात्री झोप झालेली दिसत नव्हती.

नानाजी वाढईंनी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. नानाजी एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. आता ते निशा रामटेकेची गाडी चालवत आणि न मागता आपलं मतही देत. निशा खासगी तपासाचं काम करायची. त्याआधी बरीच वर्षं ती विमा कंपनीत होती. ठोकलेल्या गाड्यांचे, जळालेल्या दुकानांचे फोटो तपासायचे आणि खरा कोणता, खोटा कोणता ते सांगायचं, हे तिचं काम. नानाजींना तिचा फार अभिमान होता. पण तिच्या आधी एकदा तरी चोर आपण ओळखावा, ही त्यांची मनातली इच्छा काही सुटत नव्हती.

"बसा भाऊ. नाव सांगा, आणि सुरुवातीपासून सांगा," निशा म्हणाली.

"जंगू हलामी. भेलवाटोल्याचा."

भेलवाटोला म्हणजे कुरखेडा तालुक्यातलं एक लहानसं गाव. गावच्या जंगलात, नाल्याकाठच्या उंच कोह्याच्या, म्हणजे अर्जुनाच्या झाडावर, यंदा पांढऱ्या पाठीच्या गिधाडांनी घरटं केलं होतं. कित्येक वर्षांत तिकडे गिधाड दिसलं नव्हतं. घरट्यात एक पिल्लूही होतं. ग्रामसभेनं ठराव केला, की पिल्लू उडेपर्यंत ही जागा बाहेर कोणाला सांगायची नाही. राखणीला जंगूला नेमलं. कुरखेड्याच्या मयुरी लोनबलेला तेवढी एक परवानगी दिली. तिनं दुरून फोटो काढायचा, पण पिल्लू उडेपर्यंत तो जगजाहीर होऊ द्यायचा नाही.

"आन् मागच्या हप्त्यात 'हिरवाई' रिसॉर्टची फिल्म आली मोबाईलवर," जंगू म्हणाला. "त्याच्यात आमचंच झाड! मांगं तुटक्या कड्याची पहाडी दिसते. आमच्याकडे ढोरं चारलेला कोनीबी वयखन ते. आता गाड्या येऊन राह्यल्या. हॉर्न वाजवतेत, ड्रोन उडवतेत. मायबाप पाखरं घरट्याकडे उतरतच नाई. पिल्लू उपाशी हाये, बाई."

"आणि आळ तुमच्यावर काऊन?"

"फोटो माया मोबाईलात होता. आन् मी कधीमधी त्या रिसॉर्टात गाइड म्हणून जातो. लोकाईले तेवढं पुरे. उद्या सकाळी ग्रामसभा हाये. मले राखणीवरून काढतेत." त्यानं मान खाली घातली. "काढू द्या. पन माया पोरीनं शाळेत जानं सोडलं. पोट्टे तिले 'गिधाडवाली' म्हनतेत."

निशानं संगणकाच्या मोठ्या पडद्यावर ती फिल्म लावली.

झाडाचा शेंडा, पसरलेल्या फांद्या, मागे आभाळ आणि तुटका कडा. चित्र थोडा वेळ तसंच राहिलं, मग हळूहळू पुढे सरकू लागलं. फांद्या बाजूला गेल्या, घरटं जवळ आलं, आणि शेवटी घरट्यातून मान काढून बसलेल्या पिल्लानं सगळा पडदा भरला. मानेवरची कापसासारखी लव एकेक करून मोजावी इतकी स्पष्ट. डोळ्यातला ओला ठिपकासुद्धा दिसत होता.

"गज्जब!" नानाजी पुटपुटले. "हा व्हिडिओ नाई वाटत. काईच हालून नाई राह्यलं."

"फोटोच आहे तो. फोटोच्या आत आत शिरत गेले आहेत." निशानं फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावली.

"आन् हे पाह्य बाई," नानाजी गमतीनं म्हणाले, "वरच्या फांदीवर दोन काटक्या. अगदी जुळ्या बहिनी. दोघीचा फाटा सारखा, दोघीचं वाळकं पान सारखं."

निशा एकदम त्यांच्याकडे वळली. "नानाजीभाऊ, परत म्हणा."

त्यांनी परत म्हटलं. आपण काय मोठं सांगितलं ते त्यांना कळलं नाही.

"जंगूभाऊ, तुमचा मोबाईल द्या."

मोबाईलमध्ये तोच फोटो होता. जंगू पडदा अंगठ्यानं घासत म्हणाला, "हा वरचा काया डाग पुसून पुसून थकलो. जातच नाई."

निशानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. पिल्लाच्या जागी नुसते चौकोन चौकोन दिसू लागले.

"नानाजीभाऊ, गाडी काढा."

दुपार कलायच्या आत ते कुरखेड्यात पोचले. मयुरी लोनबले तिथल्या एका कृषी केंद्रात हिशेब बघायची आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन रानात जायची. म्हणजे, जायची असं तीच म्हणाली.

"आता नाही जात. कॅमेरा बंद करून ठेवलाय. फोटो मी काढला नसता तर हे झालंच नसतं."

"मूळ फोटो दाखव," निशा म्हणाली.

मयुरीनं लॅपटॉप उघडला. पासवर्ड तिचा एकटीचाच, लॅपटॉप कधी घराबाहेर गेलेला नाही. मूळ फोटो आडवा सहा हजार ठिपके, म्हणजे पिक्सेल, उभा चार हजार. वरच्या फांदीजवळ तोच काळा डाग होता आणि त्याच्या शेजारी फाटा फुटलेली एक काटकी.

"डाग कसला गं?"

"कॅमेऱ्याच्या आत सेन्सरवर धूळ बसली होती. तेव्हा लक्षात नाही आलं."

"हा फोटो कोणाकोणाला दिलास?"

"जंगूदादाला व्हॉट्सअॅपवर. गुणवंतराव गुरनुले सरांना पेन ड्राइव्हवर, ते दरवर्षी काढतात त्या अंकासाठी. अंक पिल्लू उडाल्यावरच निघणार होता. दोघांनाही लहान करून दिला. आणि राजदीपकडे कॅमेऱ्याचं कार्ड दिलं होतं, एका संध्याकाळपुरतं."

राजदीपचा कुरखेड्यात स्टुडिओ होता. ग्रामसभेला दाखवायला मयुरीनं रानाची एक छोटी फिल्म केली होती. पण इतके मोठे फोटो टाकले की तिचा लॅपटॉप अडकून बसायचा. राजदीप म्हणाला, एचडी फिल्मची चौकटच एकोणीसशे वीस बाय एक हजार ऐंशीची, फोटो तेवढाच कर, मशीन पळेल. त्यानं डाग पुसला, फोटो लहान केला, फिल्म करून दिली.

"बघू ती फिल्म."

तिथंही शेवटी चित्र पिल्लाकडे सरकत गेलं. नानाजींना मनापासून वाहवा करायची होती, पण जमेना. पिल्लू जवळ आलं तसं धुक्यात गेलं. डोळा कुठे, चोच कुठे, काही कळेना.

"मी राजदीपला विचारलं, असं काऊन झालं," मयुरी हळूच म्हणाली. "तो म्हणाला, फोटोच कच्चा आहे. तुझ्या लेन्समध्ये दम नाही. सगळ्या गावासमोर दाखवली ती फिल्म. फार लाज वाटली मला."

"आणि रिसॉर्टची फिल्म?"

"मोबाईलवर पाहिली, एकदाच. दुसऱ्यांदा बघवली नाही."

निशानं विचारलं, "मयुरी, हा मूळ फोटो मला उद्यापर्यंत देशील?" मयुरीनं मान डोलावली.

गुणवंतराव गुरनुले अंगणातच भेटले. निवृत्त मुख्याध्यापक, बोलणं पुस्तकी, आणि चौकशीला कोणीतरी आलंय याचाच त्यांना राग आलेला.

"माझ्याकडे आहे तो छपाईच्या दर्जाचा फोटो आहे. तीनशे डीपीआय! मी स्वतः मयुरीला बजावलं होतं, तीनशेच्या खाली मला चालणार नाही. पण तो या घराच्या बाहेर गेलेला नाही."

नानाजींनी निशाकडे अर्थपूर्ण पाहिलं. तीनशे! एवढा दमदार फोटो दुसऱ्या कोणाकडे असणार?

गुणवंतरावांनी अंकाचं कच्चं पान दाखवलं. फोटो पानाच्या कोपऱ्यात, तळहातापेक्षा थोडा मोठा. वरच्या बाजूच्या काळ्या डागाभोवती त्यांनी लाल पेन्सिलनं गोल केला होता. "छापखान्याचा हलगर्जीपणा. शाई सांडली आहे."

"फोटो किती रुंद छापायचा होता, सर?"

"चार इंच. तेवढ्याच मापाचा मागितला होता."

"चार इंच," निशा म्हणाली, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं.

राजदीपनं मात्र मोठ्या अगत्यानं स्वागत केलं. चहा आला, पंखा लागला.

"मॅडम, मी तर जंगूच्या नावानं कधी बोललोच नाही. पण तुम्हीच सांगा, छपाईच्या क्वालिटीचा फोटो कोणाकडे आहे? तीनशे डीपीआय! सर मोठे माणूस, त्यांचं नाव कोण घेणार?"

"तुमच्याकडे मूळ फोटो आला होता ना?"

"आला, आणि गेला. मला एचडीपुरता पाहिजे होता. त्यापेक्षा मोठा ठेवणं म्हणजे मशीनवर फुकटचा बोजा. मोठा मी मयुरीसमोरच डिलीट केला. विचारा तिला."

"म्हणजे तुमच्याकडे राहिला तो लहान."

"फक्त लहान."

"डाग तुम्हीच पुसलात? छान पुसला आहे. मोठ्या फोटोवरच पुसला, की लहान केल्यावर?"

राजदीप खुलला. "मोठ्यावरच, मॅडम. आधी सफाई, मग लहान करायचं. आणि सफाईचं काम मी दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही."

"रिसॉर्टवाले ओळखीचे आहेत का?"

"तोंडओळख. उद्या ग्रामसभेला येताय ना? प्रोजेक्टर मीच आणतोय. गावाचं काम आहे, फुकट."

गाडीत बसताच नानाजी म्हणाले, "गुणवंतराव! तीनशेवाला फोटो फकत त्याच्याकडेच. मी लिहून देतो."

"लिहून नका देऊ, भाऊ," निशा म्हणाली. "उद्या फजिती होईन."

रविवारी सकाळी भेलवाटोल्याची शाळा गच्च भरली. खिडक्यांवर सतरंज्या लटकवून अंधार केला होता, भिंतीवर पांढरी चादर ताणली होती. ग्रामसभेच्या अध्यक्ष बायनाबाई नैताम पुढे बसल्या. गुणवंतराव आले होते, मयुरी मागच्या भिंतीला टेकून उभी होती. जंगू दाराशी एकटाच. त्याच्या आसपासची जागा लोकांनी रिकामी ठेवली होती. राजदीप प्रोजेक्टरच्या तारा जोडत होता.

"बोल बाई," बायनाबाई निशाला म्हणाल्या. "आमाले समजन असं बोल."

"आधी दोन फिल्मा पाहू. फक्त शेवट."

चादरीवर मयुरीच्या फिल्ममधलं पिल्लू आलं. धूसर, वितळलेलं. मग रिसॉर्टची फिल्म आली, आणि लव, चोच, ओला डोळा सगळं चादरीवर लखलखीत उभं राहिलं. शाळेत कुजबुज झाली. मयुरी भिंतीपासून दोन पावलं पुढे आली.

"एकच फोटो," निशा म्हणाली. "एकाच बाईनं काढलेला. मग एका जागी फुटला आणि दुसऱ्या जागी नाही फुटला, असं काऊन?"

तिनं पुढे बसलेल्या अध्यक्षांकडे पाहिलं.

"बायनाबाई, धानाचा रोवणा करता ना? शेताची एक बांधी भरून रोपं लावली. आता त्यातल्या फक्त तिसऱ्या हिश्शाची रोपं उपटली आणि तेवढ्याच रोपांनी तेवढीच मोठी दुसरी बांधी भरायची म्हटलं, तर?"

"विरळ होईन," बायनाबाई लगेच म्हणाल्या. "रोपामंधी ढोर बसन."

बायका हसल्या.

"फोटो म्हणजे ठिपक्यांची बांधी. एचडीचा पडदा भरायला आडवे एकोणीसशे वीस ठिपके लागतात. फोटो जागेवर उभा राहणार असेल तर तेवढा मोठा फोटो पुरतो. पण त्याच्या आत शिरून तिसराच हिस्सा पडदाभर दाखवायचा असेल, तर तिसऱ्या हिश्शातच एकोणीसशे वीस ठिपके पाहिजेत. म्हणजे सगळा फोटो तिप्पट पाहिजे, पाच हजार सातशे साठ. त्याहून कमी असला की विरळ. मयुरीच्या फिल्ममध्ये झालं ते तेच. फोटो कच्चा नव्हता. लहान करून दिला होता."

मयुरीनं तोंडावर हात ठेवला.

"आता पाहू कोणाकडे केवढा फोटो होता. जंगूभाऊंचा मोबाईलवरचा, सोळाशे. त्यातून ही फिल्म होऊच शकत नाही."

दाराजवळच्या दोघातिघांनी जंगूकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"गुणवंतराव सरांचा, तीनशे डीपीआय. सगळ्यांना वाटलं हाच सगळ्यात दमदार." नानाजींनी अंग चोरलं. "डीपीआय म्हणजे कागदाच्या एका इंचात किती ठिपके छापायचे, एवढंच. फिल्मला इंच कळत नाही, तिला फक्त एकूण ठिपके कळतात. सरांचा फोटो चार इंच. चार गुणिले तीनशे, बाराशे. जंगूभाऊंच्या मोबाईलपेक्षाही लहान!"

"काय सांगता?" गुणवंतराव उठूनच उभे राहिले. मग खाली बसले आणि, आश्चर्य म्हणजे, हसले. "म्हणजे मी सुटलो, पण माझ्या अंकाची शान गेली."

"राहिला सहा हजारांचा मूळ फोटो. तो दोघांनीच हाताळला, मयुरीनं आणि राजदीपनं."

"मी तो डिलीट केला!" राजदीप म्हणाला. "तिच्यासमोर! मयुरी, सांग ना."

"त्यानं माझ्यासमोरच डिलीट केला होता," मयुरी म्हणाली.

"मग बाईनं स्वतःच दिला असेल रिसॉर्टला. तिच्याकडे तर आहेच मोठा."

शाळेत गलका झाला. निशानं हात वर केला.

"मयुरीचा मूळ फोटो पाहा." चादरीवर फोटो आला. "वर काळा डाग, शेजारी एक काटकी. जंगूभाऊंच्या मोबाईलवर हाच डाग आहे, सरांच्या कच्च्या पानावरही. आता रिसॉर्टची फिल्म. डाग आहे?"

"नाई!" पुढच्या बायका ओरडल्या.

"त्याच्या जागी काय आहे? हे मी नाही, नानाजीभाऊंनी शोधलं. सांगा भाऊ."

नानाजी उठले. घसा खाकरला. "जुळी काटकी. एकीच्या दोन झाल्या."

"डाग पुसायचा म्हणजे शेजारचा तुकडा उचलून त्यावर चिकटवायचा. चिकटवताना शेजारची काटकीही उचलली गेली, पान-फाट्यासकट. आता मयुरीच्या फिल्मची सुरुवात पाहा, राजदीपनं करून दिलेली. तीच जुळी, त्याच जागी. म्हणजे दोन्ही फिल्मांत एकाच हातानं पुसलेला एकच फोटो आहे. हात कोणाचा, ते काल त्यांनीच मला सांगितलं."

राजदीपचा चेहरा उतरला, पण तो अजून हरला नव्हता. "असेल माझाच हात! पण मग माझ्या त्या लहान फोटोवरून कोणीतरी उचलला. गावात दाखवलेली फिल्म आहे ती, कोणीही घेईल."

"लहान केलेल्या फोटोत पिल्लाची लव गेली, डोळा गेला," निशा शांतपणे म्हणाली. "उपटून फेकलेली रोपं परत बांधीत आली कुठून? रिसॉर्टच्या फिल्ममधला फोटो मोठा आहे आणि पुसलेलाही. मयुरीचा मोठा आहे, पण डागासकट. जंगूभाऊंचा आणि सरांचा लहान, डागासकट. मयुरीच्या फिल्ममधला पुसलेला, पण लहान. मोठा आणि पुसलेला फोटो जगात एकाच ठिकाणी तयार झाला, तुमच्या मशीनवर. सफाई मोठ्यावरच केली म्हणालात. डिलीट केलात तो कार्डावरून आलेला डागवाला. पुसलेला ठेवून घेतलात. चोरी करताना फोटोचं माप तुम्ही अगदी बरोबर निवडलंत, राजदीप. मयुरीच्या फिल्मला चुकीचं दिलंत, रिसॉर्टच्या फिल्मला बरोबर. तिथंच सापडलात."

राजदीप प्रोजेक्टरशेजारच्या बाकावर मटकन बसला. "रिसॉर्टवाले त्यांच्या सगळ्या फिल्मांचं काम मला देणार होते," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मला वाटलं, झाड कोण ओळखणार? झाडासारखं झाड. पहाडी दिसते हे माझ्या ध्यानातच नाही आलं."

"आन् मायावर आळ आला तवा?" जंगूनं दारातून विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "तवा तर ध्यानात आलं होतं ना तुया?"



बायनाबाई उठल्या. "फिल्म आत्ताच्या आत्ता काढाले लाव. इथूनच फोन कर, सगळ्याईले आयकू येईन असा. आन् पिल्लू उडेपर्यंत रोज नाक्यावर उभं राह्यचं तू. गाडी आली का वापस धाडायची, आन् काऊन वापस धाडतो ते तुया तोंडानं सांगायचं." मग त्या जंगूकडे वळल्या. पुढे जाऊन त्यांनी त्याचा हात धरला आणि त्याला दारातून ओढत आणून आपल्या शेजारी बसवलं. "आमी चुकलो, बाबू."

राजदीपनं फोन केला. तासाभरात फिल्म गायब झाली.

पण त्याआधी निशानं एक काम केलं. "मयुरी, इकडे ये. तुझा फोटो तूच दाखव. अख्खा, सहा हजारांचा."

मयुरीनं फोटो लावला आणि आत आत शिरत गेली. पिल्लू चादरभर झालं. लव तशीच, डोळा तसाच. मयुरीच्या हातून गावानं आपलं पिल्लू पहिल्यांदा नीट पाहिलं. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळी शाळाच वाजवायला लागली. एक मुलगी उठून जंगूच्या मांडीवर जाऊन बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "माया बाबाचं पिल्लू हाये ते!" या वेळी तिला कोणी काही म्हणालं नाही.

ऊन कलल्यावर जंगू त्यांना दूरच्या टेकाडावर घेऊन गेला. मागोमाग निम्मं गाव आलं. नाक्यावर गाड्या अडवल्या होत्या, रान पुन्हा रानासारखं झालं होतं. सगळे गवतात बसून राहिले. नानाजींचे गुडघे दुखू लागले, पण उठायची हिंमत होईना.

आभाळात एक ठिपका फिरू लागला. मोठा झाला, पंख दिसले, पांढरी पाठ चमकली. गिधाड दोन घिरट्या घालून कोह्याच्या शेंड्यावर उतरलं, आणि घरट्यातून दोन इवले पंख अधाशासारखे फडफडले.

नानाजींच्या तोंडून आरोळी निघणारच होती. जंगूनं ओठांवर बोट ठेवलं. टेकाडावर शंभरेक माणसं उभी राहिली, हात वर केले, एकमेकांना मिठ्या मारल्या, बायनाबाईंनी तर गिरकीच घेतली. पण पाखरू दचकेल म्हणून एकाच्याही तोंडून आवाज फुटला नाही.